ग्राहकांची माहिती आणि ती सांभाळणाऱ्यांची जबाबदारी

मुळशी तालुक्याची ओळख भातशेती, टाटांचे धरण आणि १९२१ साली सुरू झालेला मुळशी सत्याग्रह यांच्याशी निगडित आहे. गेल्या काही दशकांत या ओळखीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. तालुक्यातील हिंजवडी व माण या गावांच्या परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले. जेथे पूर्वी शेते होती, तेथे आज देशोदेशींच्या व्यापारी संस्थांची संगणकीय कामे चालतात. या व्यवसायाचा कच्चा माल म्हणजे माणसांची माहिती. नाव, पत्ता, जन्मतारीख, खाते क्रमांक, आजारपणाच्या नोंदी असे तिचे स्वरूप असते. हा ठेवा हॅकरांनी पळविला, तर त्याबद्दल उत्तरदायी कोण, केवळ चोर की तो सांभाळणारी कंपनीही, हा प्रश्न म्हणूनच या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

चोरीचे वेगळे स्वरूप

घरफोडीत वस्तू नाहीशी होते आणि चोरी तत्काळ लक्षात येते. माहितीच्या चोरीत मूळ नोंद जागच्या जागी राहते, चोरीस जाते ती तिची नक्कल. त्यामुळे ज्याची माहिती गेली त्याला महिनोन्‌महिने पत्ताही लागत नाही. शिवाय बुडालेली रक्कम भरून देता येते, कार्ड रद्द करून नवे देता येते. परंतु जन्मतारीख, बोटांचे ठसे किंवा आजाराचा इतिहास बदलून देता येत नाही.

ही चोरी बाहेरूनच होते असेही नाही. २००५ साली पुण्यातील एका कॉल सेंटरच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतील बँक ग्राहकांचे गुप्त क्रमांक मिळवून त्यांच्या खात्यांतून काही लाख डॉलर काढल्याचे प्रकरण उघडकीस आले होते. बाहेरचा दरवडेखोर आणि घरातला भेदी या दोघांपासूनही रक्षण करणे, हे माहिती बाळगणाऱ्याचे काम आहे.

कॉसमॉस बँकेवरील हल्ला

१९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला या संदर्भात उद्बोधक आहे. एटीएममधून पैसे मागितले असता बँकेची संगणक यंत्रणा खाते तपासून मंजुरी देते. हल्लेखोरांनी या यंत्रणेला बगल देणारी बनावट यंत्रणा उभी केली व ती प्रत्येक मागणी मंजूर करू लागली. ११ ऑगस्ट रोजी अवघ्या काही तासांत, ग्राहकांच्या कार्डांच्या नकला वापरून २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढण्यात आले. १३ ऑगस्ट रोजी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक संदेश यंत्रणेद्वारे हाँगकाँगमधील खात्यात सुमारे १३ कोटी ९२ लाख रुपये वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर गेली.

ग्राहकांच्या खात्यांतील रकमा सुरक्षित असल्याचे बँकेने जाहीर केले. तोटा बँकेच्या माथी आला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. परंतु ते मुख्यतः एटीएममधून पैसे काढण्याच्या कामी लागलेले लोक होते. अशा गुन्ह्यांचे सूत्रधार बहुधा परदेशात व कायद्याच्या हाताबाहेर असतात. म्हणूनच कायद्याची दृष्टी चोराबरोबर ठेवा सांभाळणाऱ्याकडेही वळते. जो पाणी अडवितो त्यानेच बांधाची निगा राखावयाची, हे पानशेतची १२ जुलै १९६१ ची दुर्घटना अनुभवलेल्या पुणे जिल्ह्याला निराळे सांगावयास नको.

कायद्याची भूमिका

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३-अ समाविष्ट करण्यात आले आणि ते २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आले. संवेदनशील वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्या व्यावसायिक संस्थेने वाजवी सुरक्षाव्यवस्था ठेवण्यात हयगय केली व त्यामुळे कोणाचे नुकसान झाले, तर त्या संस्थेने नुकसानभरपाई द्यावी, असे हे कलम सांगते. येथे कसोटी आहे ती हयगयीची. चोरी झाली एवढ्यावरूनच संस्था दोषी ठरत नाही. पण ‘आमच्यावरही हल्लाच झाला’ एवढे म्हणून तिची सुटकाही होत नाही.

या अधिनियमाखाली पाच कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव करतात. महाराष्ट्रात २०१३ साली अशाच निवाड्यात, फसव्या ई-मेलमुळे ८० लाख १० हजार रुपये गमावलेल्या पुण्याच्या पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश पंजाब नॅशनल बँकेला देण्यात आला. ई-मेलला उत्तर देणाऱ्या ग्राहकावर काही भार टाकण्यात आला, तसाच तपासणीत कसूर करणाऱ्या बँकेवरही.

दंड आणि भरपाई

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने याहून कठोर पाऊल उचलले. वाजवी सुरक्षाव्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, तर चोरीची खबर न दिल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले. त्यांनुसार बाधित व्यक्तींना विनाविलंब कळविणे व संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील देणे बंधनकारक आहे. या मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

एक बाब मात्र विचारात घेण्याजोगी आहे. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते, पीडितास मिळत नाही. आणि भरपाईचा मार्ग देणारे कलम ४३-अ हाच नवा अधिनियम वगळतो. कंपनीला दंडाचा धाक बसेल, परंतु ज्याची माहिती गेली त्याच्या हानीचे काय, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो.

गावपातळीवरील कर्तव्य

ही जबाबदारी हिंजवडीच्या कंपन्यांपुरती मर्यादित नाही. पतसंस्थेतील सभासदांच्या नोंदी, शाळेच्या संगणकावरील विद्यार्थ्यांची माहिती, सेवा केंद्रात साठलेल्या आधारपत्रांच्या छायाप्रती, हाही लोकांनी विश्वासाने सोपविलेला ठेवाच आहे. आवश्यक तेवढीच माहिती घेणे, काम संपताच छायाप्रती नष्ट करणे, संगणकाचा गुप्त शब्द भिंतीवर लिहून न ठेवणे आणि नोंदी कोणी पाहाव्यात हे ठरवून देणे, याला फारसा खर्च येत नाही. खात्यातून परस्पर रक्कम गेल्यास नागरिकाने त्याच दिवशी बँकेस आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. विलंब झाल्यास रक्कम रोखणे कठीण होते. माहिती फुटल्याचे संस्थेच्या ध्यानात आल्यास तिने ते लपवू नये, संबंधितांस तत्काळ सांगावे. वेळीच कळले, तर खाते गोठविता येते व पुढील हानी टळू शकते.