शंखी गोगलगाय

पावसाळ्याच्या आरंभी शाळेच्या बागेतील कोवळी रोपे एका रात्रीत नाहीशी झाली, की आळ बहुधा शेळीवर येतो. परंतु मातीवर वाळलेल्या चिकट द्रवाचा चकाकता माग दिसल्यास हे काम शंखी गोगलगाईचे समजावे. तिचा शंख निमुळता, तपकिरी, गडद उभ्या पट्ट्यांचा असून पूर्ण वाढीअंती त्यास सात ते नऊ वेढे असतात. मूळची ही पूर्व आफ्रिकेतील. १८४७ साली मॉरिशसहून ती कलकत्त्यास आणली गेली. २०२२ च्या खरिपात लातूर व बीड जिल्ह्यांत तिने उगवते सोयाबीन फस्त केले.

खरा धोका अंड्यांचा. प्रत्येक गोगलगाय नर व मादी दोन्ही असते, आणि एका वेळी शंभराहून अधिक, साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी अंडी ओल्या मातीत घालते. उन्हाळ्यात शंखाचे तोंड बंद करून ती जमिनीत पडून राहते. तेव्हा ती मेली असे समजू नये.

मुलांना शंखाचा मोठा मोह. परंतु मेंदूच्या आवरणास सूज आणणारे जंत तिच्या अंगी असू शकतात, म्हणून मुलांस तिला हात लावू देऊ नये. मोठ्यांनी हातमोजे घालून सायंकाळी किंवा पहाटे ती वेचावी व साबणाच्या पाण्यात बुडवून मारावी. गुळाच्या पाण्यात भिजविलेले गोणपाट वाफ्याजवळ पसरल्यास त्याखाली ती आपणहून गोळा होते.