माथेरान: पॉइंटांपेक्षा वाटा मोठ्या

दस्तुरी नाक्यावर गाडी लावली की पुढे आपले पाय, घोडा किंवा अमन लॉज स्थानकाहून सुटणारी मिनी ट्रेनची शटल. अलीकडे ई-रिक्षाही धावतात. पण अंगात जोर असेल तर रुळांच्या कडेने चालत जावे. अडीच-एक किलोमीटरची वाट आहे, वर झाडांचे छत आणि खाली तांबडी माती. पांढरे बूट घालून येणाऱ्याची मात्र खैर नाही.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये या डोंगरावर चढला आणि पुढे इथे गाव वसले. 1907 मध्ये आदमजी पीरभॉय यांनी नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी वर आणली. मोटारींना गावात बंदी असल्यामुळे आणि 2003 पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरल्यामुळे इथले जंगल बऱ्यापैकी टिकून आहे.

पेमास्टर पार्क आणि माधवजी गार्डन हे इथले रीतसर बगीचे. मुलेबाळे, म्हातारीकोतारी सोबत असली तर तिथे घटकाभर टेकावे. एवढ्यासाठी डोंगर चढून येण्याचे मात्र काही कारण नाही. खरी बाग वाटांवरच आहे. जांभूळ, हिरडा आणि जागोजागी अंजनी. उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या काटक्यांनाच बारीक निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके चिकटतात, जवळ जाऊन पाहिल्याशिवाय ते फूल कळत नाही. वर फांद्यांत खसफस झाली तर लगेच माकड समजू नका. झुपकेदार शेपटीचा शेकरूही असू शकतो.

शार्लोट तलाव गावाला पाणी पुरवतो, तेव्हा त्यात पाय बुडवायचे नाहीत. काठावर पिसारनाथाचे देऊळ आहे. तिथून जवळच एको पॉइंट. ओरडण्याची हौस असणाऱ्यांसाठी तो सोडून द्यावा, आपण लुईझा पॉइंटकडे वळावे. समोर प्रबळगड उभा दिसतो. तीसहून अधिक पॉइंट एका दिवसात उरकायचा हट्ट धरणाऱ्यांना फक्त कठडे दिसतात. त्यापेक्षा दोनच निवडा.

खाऊची पिशवी हातात मिरवू नका, माकडे ती सोडत नाहीत. प्लास्टिक आपले आपण परत न्या. पावसाळ्यात नेरळहून येणारी मिनी ट्रेन बंद असते. अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालते, त्यामुळे दस्तुरीपर्यंत नेरळहून टॅक्सी करावी लागते.