पाचव्या दिवसाची बाकी

पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला काही आकडे पाहताक्षणीच कळतात. हे कर्ज फिटायचे नाही, असे तो कागद उलटण्याआधीच मनाशी म्हणून टाकतो.

मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर रणजी करंडकाचा अंतिम सामना चालू होता. समोर मुंबई. पहिल्या डावात आपण १०५ धावांत गारद झालेलो, आणि आता जिंकायला हव्या होत्या ५३८. चौथ्या दिवसअखेर विदर्भ ५ बाद २४८. माझ्यातल्या अधिकाऱ्याने ते खाते बुडितात टाकून दिले.

चौदा तारखेला सकाळी भाचा रजा टाकून आरमोरीला घरी आला. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला आणि म्हणाला, "मामाजी, बसा थोडं. वाडकर आहे अजून."

हा भाचा लहानपणी धान निघाले की बांध्यांत गोलंदाजी करायचा. चेंडू असा यायचा, की मोठी पोरेही मागे सरकत. १९९८ साली नागपूरच्या निवडचाचणीला जायचे म्हणून त्याने माझ्याकडे भाड्याचे पैसे मागितले. मी पैसे दिले नाहीत. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून दिला. "आपल्याकडचा कोण पोचला रे तिथवर?" असेही वर विचारले. हिशेब माझ्या बाजूने होता. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता, करंडक एकदाही नव्हता. तो पहिल्यांदा आला २०१७-१८ च्या मोसमात, इंदूरला दिल्लीला हरवून. तोवर भाच्याच्या डोक्याचे केस पिकू लागले होते.

त्या सकाळी अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी जेवणापर्यंत एकही गडी पडू दिला नाही. कर्णधार वाडकरचे शतक झाले. धावसंख्या ३५३. मी नकळत उरलेल्या धावांना षटकांनी भागू लागलो होतो. मग वाडकर १०२ वर पायचीत झाला आणि पुढच्या १५ धावांत सगळे आटोपले. मुंबई १६९ धावांनी जिंकली. तिचे हे बेचाळिसावे विजेतेपद.

शेवटचा गडी उमेश यादव. खापरखेड्याकडचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, बरीच वर्षे टेनिस बॉलवरच खेळलेला. २०११ साली कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू तोच. 'कोण पोचला रे?' या माझ्या प्रश्नाचे उत्तर बॅट काखेत मारून तंबूकडे परतत होते.

पुढच्याच मोसमात विदर्भाने उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवले आणि २ मार्च २०२५ रोजी केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक घेतला. आनंद झालाच. पण मनात घर करून आहे ती हरलेली सकाळ.

फोन बंद करून भाचा उठला, तेव्हा मी म्हटले, "त्या वेळी भाड्याचे पैसे द्यायला पाहिजे होते मी."

तो हसला. "मामाजी, मी का उमेश यादव होतो? पहिल्याच दिवशी परत पाठवलं असतं मला." चप्पल घालता घालता थांबला. "पण जाऊन पाहिलं असतं."

अंगणात मोह टपटपत होता. मी काही बोललो नाही. माझ्या खतावणीत ही बाकी अजून तशीच आहे.