धारची लाट आणि सोमनाथची दारे

दर वर्षी हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल देवासहून मांडवगडला जाते. इंदूर मागे टाकून धार आले, की लाट मशिदीपाशी बस थांबवायची, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. तेथे एका चौथऱ्यावर लोखंडाच्या प्रचंड खांबाचे तीन तुकडे आडवे ठेवलेले आहेत. मुले त्यांच्याभोवती गोळा होतात आणि दर वर्षी कोणीतरी तोच प्रश्न विचारते : ‘सर, ही लाट कोणाची?’ ‘राजा भोजाची,’ असे सांगून मी मुलांना बसकडे पिटाळीत असे. मांडवगड गाठण्याची घाई असे.

काही वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलीचे या उत्तराने समाधान झाले नाही. ‘पण सर, ही होती कशासाठी? आणि मोडली कशी?’ असे तिने विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुख्याध्यापकाने विद्यार्थिनीसमोर निरुत्तर व्हावे, यात मला संकोच वाटला, हे कबूल करतो. त्या संकोचापोटी जे वाचन घडले, त्यातले काही आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

या तीन तुकड्यांची एकत्रित लांबी सुमारे १३ मीटर आणि वजन सुमारे ७ टन भरते. दिल्लीच्या मेहरौली येथील सुप्रसिद्ध लोहस्तंभाची उंची सुमारे ७ मीटर आहे. म्हणजे अखंड असताना आमच्या धारची लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच होती. लोखंडाचे गोळे तापवून, घणाचे घाव घालून एकमेकांत जिरवीत ती घडविली गेली. खाली चौकोनी, वर अष्टकोनी असा तिचा आकार आहे. ती घडविणाऱ्याचा लेख मात्र तिच्यावर नाही. परंपरा तिचे नाते अकराव्या शतकातील परमार राजा भोजाशी जोडते. काही अभ्यासक तिला जयस्तंभ मानतात, तर काहींच्या मते ती एखाद्या देवालयासमोरील ध्वजस्तंभ असावी. लोकांनी आपल्यापुरता निकाल केव्हाच लावून टाकला आहे. गांगली नावाची एक महाकाय तेलीण होती आणि ही लाट म्हणजे तिच्या तराजूची दांडी, असे आमची आजी सांगे. ‘कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली’ ही म्हण माळव्यात वाढलेल्या कोणत्या मराठी मुलाच्या कानावरून गेलेली नाही?

इ. स. १४०५ मध्ये दिलावरखान घोरीने येथे मशीद उभारली आणि लाटेवरूनच तिला लाट मशीद हे नाव पडले. पुढे १५३१ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने माळवा जिंकला. विजयी सुलतानाच्या मनात आले, की ही लाट आपल्या राज्यात न्यावी. पुढची हकीकत बादशहा जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नोंदविली आहे. लाट खाली उतरविताना सुलतानाच्या माणसांनी पुरेशी काळजी घेतली नाही. ती कोसळली आणि तिचे दोन तुकडे झाले : एक साडेसात गजांचा, दुसरा सव्वाचार गजांचा. तुकडे धारमध्येच पडून राहिले. ज्या माळव्याच्या विजयाची ती खूण व्हायची, तो माळवाही सुलतानाच्या हाती फार काळ टिकला नाही. अवघ्या चार वर्षांत, १५३५ साली, हुमायूनने मांडवगड घेतला.

पुढे दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेल्या अकबराचा मुक्काम धारला पडला, तेव्हा त्याची फारसी नोंद याच लोखंडावर कोरली गेली. १६१७ साली मांडवगडच्या वाटेवर जहांगीर येथे आला. एवढी वस्तू निरुपयोगी पडून राहिलेली पाहून त्याने हुकूम सोडला, की मोठा तुकडा आग्र्याला न्यावा, अकबराच्या कबरीच्या प्रांगणात उभा करावा आणि रात्री त्याच्या माथ्यावर दिवा लावावा. कल्पना रम्य होती, पण हुकूम कागदावरच राहिला. मोठा तुकडा आजही धारलाच आहे.

एकाने लाट नेऊ पाहिली, दुसऱ्याने तिच्यावर आपले नाव कोरविले, तिसऱ्याने तिचा दीपस्तंभ करावयाचे योजिले. लष्कर येते, जिंकते, आणि पुढच्या मुक्कामाला निघण्याची त्याला घाई असते. त्या घाईत ‘ही कोणाची?’ एवढाच प्रश्न शिल्लक उरतो. ‘ही काय आहे?’ हे विचारायला कोणाला सवड नसते. बसकडे पिटाळणाऱ्या मुख्याध्यापकालाही ती नव्हती.

याच घाईची दुसरी कथा आग्र्याच्या किल्ल्यात पाहावयास मिळते, आणि तिचाही माळव्याशी संबंध आहे. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेणारे इंग्रज सैन्य अफगाण डोंगरांत जवळजवळ समूळ नाहीसे झाले. सैनिक आणि बाजारबुणगे मिळून सुमारे १६,००० माणसे त्या वाटेवर निघाली होती. गेलेली पत भरून काढण्यासाठी त्याच वर्षी दोन फौजा काबूलकडे निघाल्या : जलालाबादकडून सेनापती पोलॉक आणि कंदाहारकडून सेनापती नॉट. काबूलला आधी कोण पोहोचतो, अशी जणू दोघांत शर्यत लागली. पोलॉक नॉटच्या आधी पोहोचला. पण नॉटवर वाटेत आणखी एक कामगिरी सोपविलेली होती. महमूद गझनवीच्या कबरीची लाकडी दारे म्हणजेच त्याने सोमनाथहून लुटून नेलेली चंदनी दारे होत, अशी समजूत होती. महाराजा रणजितसिंहांनी शहा शुजाशी बोलणी करताना ती पूर्वीच मागितली होती. आता गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो याने ती आणण्याची आज्ञा नॉटला दिली. ६ सप्टेंबर १८४२ रोजी गझनी पडले आणि दारे उखडली गेली.

त्या वेळी फौजेबरोबर हेन्री रॉलिन्सन हा अधिकारी होता. पुढे बेहिस्तूनच्या शिलालेखाच्या वाचनाने जगप्रसिद्ध झाला, तोच हा. दारे सोमनाथची नव्हेत, हे त्याने ओळखले. कबरीचे मुजावर कोपऱ्यात जाऊन रडत होते, असेही त्याने लिहून ठेवले आहे. परंतु जाणत्याचे मत विचारण्याची ती वेळ नव्हती. १६ नोव्हेंबर १८४२ च्या जाहीरनाम्यात एलेनबरोने सरहिंद, राजपुताना, माळवा आणि गुजरात येथील राजे-सरदारांना कळविले, की आठशे वर्षांच्या अपमानाचा सूड घेतला आहे. ही विजयचिन्हे आता आपण आपापल्या मुलखातून सन्मानाने सोमनाथला पोहोचवावीत, अशीही त्याची इच्छा होती. माळव्याचे राजे म्हणजे त्यांत आमचे धारचे पवार आले आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीही आल्या!

दारांची मिरवणूक माळव्यात कधीच आली नाही. जुने सोमनाथ मंदिर त्या काळी भग्नावस्थेत होते, मग दारे लावायची कोठे? लंडनच्या पार्लमेंटात ९ मार्च १८४३ रोजी मेकॉलेने या जाहीरनाम्याची भरपूर टर उडविली. एलेनबरोविरुद्धचा ठराव मात्र फेटाळला गेला. माळव्याच्या राजांना गौरवाने साद घालणाऱ्या याच गव्हर्नर जनरलने २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनियार येथे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेचा पराभव घडवून आणला. दारे आग्र्याच्या किल्ल्यात ठेवली गेली आणि तेथेच राहिली. लाकूड तपासले तेव्हा ते चंदन नव्हे, तर देवदार निघाले. त्यांवरील कूफी लिपीतील लेखात महमूदाचे व त्याचा पिता सबुक्तगीन याचे नाव आहे. म्हणजे ज्याच्या कबरीवर ती होती, त्याच्यासाठीच ती घडविली गेली होती. उज्जैनच्या गोपाळ मंदिरातील चांदीच्या दारांविषयीही, ती मूळची सोमनाथची असून महादजी शिंद्यांनी परत आणली, अशी कथा सांगतात. दोन दारे आणि दोन्ही सोमनाथची! श्रद्धेला यात काही अडचण नसेल, पण शिक्षकाला आहे.

आग्रा-मुंबई रस्ता आमच्या देवासवरूनच जातो. त्या रस्त्याकडे पाहताना कधी कधी मनात येते, की आग्र्याला जायची होती ती लाट धारला राहिली आणि सोमनाथला जायची होती ती दारे आग्र्याला राहिली. अस्सल वस्तू नेताना मोडली. जी सहीसलामत आणली, ती सोमनाथची नव्हतीच.

मग माळव्याने सोमनाथासाठी काही केलेच नाही काय? केले, आणि तेही या दारांच्या साठ वर्षे आधी. १७८३ साली पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी जुन्या मंदिराच्या अवशेषांजवळ नवे शिवालय उभारले. सूड नाही, मिरवणूक नाही, कोणाच्या कबरीला हात लावणे नाही. पडलेल्या देवळाची दारे शोधीत बसण्याऐवजी महेश्वरच्या या विधवा राणीने देवाला राहायला घर दिले. जुन्या मंदिराच्या जागी उभारलेल्या आजच्या मंदिरात ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या उपस्थितीत प्राणप्रतिष्ठा झाली. पण त्याआधीच्या दीडशेहून अधिक वर्षांत यात्रेकरूंना पूजेसाठी एक शिवालय होते, ते आमच्या माळव्याच्या पैशातून आणि भक्तीतून उभे राहिलेले.

प्राचीन पवित्र वस्तूंवर आपला हक्क सांगताना आजही माणसांचे आवाज चढतात. आपले ते आपलेच, हे म्हणण्यात वावगे काही नाही. मात्र आपले म्हणण्यापूर्वी ते काय आहे, हे विचारण्याचे कष्टही आपलेच असतात. आपल्या वडीलधाऱ्यांनी परमुलखात मराठी टिकविली, ती केवळ ‘आमची’ म्हणून नव्हे. ती मुलांना वाचायला शिकविली, म्हणून ती टिकली.

आता धारला आमची बस पूर्वीपेक्षा अर्धा तास अधिक थांबते. मुले वह्या उघडतात. कोणता तुकडा चौकोनी, अष्टकोनी भाग कोठून सुरू होतो, हे पाहून चित्र काढतात. फारसी अक्षरे कोठे आहेत, हे एकमेकांना दाखवितात. ‘कोणाची?’ हा प्रश्न अजूनही येतो. त्याचे उत्तर मी आता सर्वांत शेवटी देतो, आणि ‘कशासाठी?’ याचे उत्तर अद्याप कोणालाच नक्की ठाऊक नाही, हेही न संकोचता सांगतो. मांडवगडला पोहोचायला थोडा उशीर होतो. होऊ द्यावा.