उपवासाच्या बशीतला ब्राझील

नवरात्रात मोहट्याच्या देवीला निघालेली माणसं आमच्या तिसगावावरून जातात. त्या दिवसांत रस्त्याकडेच्या हॉटेलांत साबुदाण्याची खिचडी हमखास मिळते. याहून मराठी पदार्थ दुसरा नाही, असं कुणीही म्हणेल. पण त्या बशीत काय काय आहे, ते एकदा पाहू या. साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तो कसावा मूळचा ब्राझीलकडचा. शेंगदाणा आणि बटाटा दक्षिण अमेरिकेतले. मिरचीही त्याच खंडांतून आलेली. इथलं जुनं असं उरतं ते तूप आणि जिरं!

हे सारं आलं कसं? पोर्तुगालचा काब्राल १५०० साली हिंदुस्थानकडे निघाला. वाटेत त्याला ब्राझीलचा किनारा लागला आणि त्याच वर्षी तो कालिकतला पोहोचला. दोन्ही किनारे असे एका सागरी वाटेवर आले. पुढे त्या वाटेनं कसावा मलबारात रुजला. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी १८८० नंतर त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. साबुदाणा पूर्वी मलायाकडून येई, तोही सागो नावाच्या ताडाचा. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबली, तेव्हा तमिळनाडूतल्या सेलम भागात कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा वाढला.

कसाव्याच्या कडू जातीत विष असतं. ते काढायची युक्ती तिथल्या आदिवासींनी शोधली. कंद किसून विणलेल्या लांब नळीत भरायचा आणि नळी ताणायची. विषारी रस गळून जातो. मग उरलेला कीस भाजून पीठ करायचं. हेच पीठ तुपातेलात परतलं की फारोफा होतो. काळ्या घेवड्याच्या आणि मांसाच्या फेइजोआदाबरोबर ब्राझीलमध्ये तो लागतोच.

बाहिया प्रांतात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी आपली चव जपली. चवळी वाटून ताडाच्या लाल तेलात तळलेला त्यांचा वडा म्हणजे आकाराजे. तो यान्सां देवीचा नैवेद्य आहे. पांढऱ्या पोशाखातल्या बायका तो रस्त्यावर विकतात. ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्यानं संपली १८८८ साली, आणि या बायकांच्या कसबाची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद झाली २००५ साली. देवीच्या वाटेवर तळणीचा वास येणं काही आपल्याकडेच नाही.

कवी म्हणून मला शब्दांचं जास्त नवल वाटतं. काजू आणि अननस हे दोन्ही शब्द ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडी बसले आणि मग आपल्या. रमजानात रोजा सोडताना आमच्या ताटात खजुराशेजारी अननसाची फोड असते. ती खाताना घरात कुणाला ब्राझील आठवत नाही.

‘तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसं काय लिहिता?’ असं मला अजूनही कुणी कुणी विचारतं. साबुदाण्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो आला, इथल्या तुपाजिऱ्यात परतला गेला आणि देवाच्या दिवशी चालू लागला. मी तर इथेच जन्मलो, आणि माझी भाषाही इथलीच. तेव्हा पुढच्या एकादशीला खिचडीचा घास घेताना विष काढून पीठ करणाऱ्या त्या अनोळखी हातांची आठवण ठेवावी. आपल्या उपवासात त्यांचाही वाटा आहे.