बोलून कमावणाऱ्यांनो, घसा सांभाळा

बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांच्या वाटेने जाऊन आज कामगारांच्या घरांतली मुले-मुली कॉलेजात शिकवीत आहेत. आई-वडिलांनी हातापायांची झीज सोसली. बसून बोलण्यात कसले आले श्रम, असे त्यांना वाटणे साहजिक आहे. परंतु बोलणे हीसुद्धा मेहनतच आहे.

आपल्या गळ्यातील स्वरयंत्रात दोन नाजूक स्वरतंतू असतात. ते एकमेकांवर आपटून आवाज निघतो. पुरुष बोलताना ते सेकंदाला साधारण १२५ वेळा आपटतात, स्त्री बोलताना साधारण २०० वेळा. ४५ मिनिटांच्या तासिकेत निम्मा वेळ आवाज चालू धरला, तरी शिक्षिकेचे स्वरतंतू अडीच लाखांहून अधिक वेळा आपटतात. विश्रांती मिळाली नाही तर सूज येते, पुढे टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठीही होतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि तासिका मोबाईल-लॅपटॉपवर सुरू झाल्या. मोठ्या वर्गात ओरडावे लागत नसल्याने काहींना आराम पडला. अनेकांचा घसा मात्र बसला. समोर विद्यार्थ्यांचे चेहरे नाहीत, ऐकू जाते की नाही कळत नाही, म्हणून माणूस आवाज चढवितो. शेजारी कुकरची शिट्टी, टीव्ही, मुलांचा गलका असला की आवाज आपोआप आणखी चढतो. विद्यार्थी प्रश्न विचारीत नाहीत, त्यामुळे सलग बोलावे लागते. मान वाकवून बसल्याने गळ्याचे स्नायू ताणले जातात. आजही जेथे ऑनलाईन तासिका होतात तेथे हेच घडते.

सर्वांत कठीण अवस्था तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांची. तास घेतला तरच पैसे. म्हणून घसा बसला तरी ते रेटून बोलतात आणि दुखणे लपवितात. हा त्यांचा हलगर्जीपणा नव्हे, पोटाची अडचण आहे. पण आवाजच गेला तर तासही जातील.

काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. तोंडाजवळ माईक असलेला साधा इअरफोन वापरावा व नेहमीच्या आवाजात बोलावे. पडदा डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. दर दहा-पंधरा मिनिटांनी विद्यार्थ्यांना वाचायला किंवा बोलायला लावावे. पाण्याचे घोट घेत राहावे. सारखे खाकरू नये. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानेही घशावर ताण येतो. लवंग, खडीसाखरेने बरे वाटते, पण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. तंबाखू, विडी वर्ज्यच करावी.

आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, तर सरकारी रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात दाखवावे. तंबाखूची सवय असेल, थुंकीतून रक्त पडत असेल किंवा गिळताना त्रास होत असेल तर थांबूच नये. गाठ निघाली म्हणून घाबरू नये. पुष्कळदा आवाजाच्या व्यायामानेच ती कमी होते.

घरच्यांनीही वाटा उचलावा. मुलीची किंवा सुनेची तासिका चालू असताना टीव्ही बंद ठेवावा. तास संपल्यावर तिला लगेच हाका मारू नयेत, अर्धा तास गप्प बसू द्यावे. राबून आलेल्या माणसाला आपण पाण्याचा तांब्या देतो. बोलून थकलेल्यालाही तो द्यावा.