'आधी रिदम, मग लीड' हे कुणी ठरवलं?

गाव धाराशिव असो की दादर, गिटार विकत घेतलेल्या मुलाला पहिल्या महिन्यातच कुणीतरी सांगतं : आधी दोन वर्षं रिदम पक्का कर, लीडचं नंतर बघू. यामागे पक्कं गृहीत असतं. रिदम म्हणजे मजुरी, लीड म्हणजे कला. पहिलं नवख्यांचं, दुसरं पोचलेल्यांचं. रॉकच्या एखाद्या बँडपुरतं हे चालून जाईलही. जॅझच्या अंगाने जाणारा ब्लूज शिकायचा असेल तर मात्र हा सल्ला निरुपयोगी आहे, शिवाय घातकही. दोन वर्षं नुसतं स्ट्रमिंग केलेला हात पुढे सोलो वाजवायला लागतो, तेव्हा खालची कॉर्ड ऐकणंच सोडून देतो. मग पाच सुरांची ठरलेली चौकट वरखाली घासली जाते आणि त्याला ब्लूज म्हटलं जातं.

ही फाळणी वाद्याने केलेली नाही, बँडच्या गरजेतून ती झाली. रॉबर्ट जॉन्सनने १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासात २९ गाणी ध्वनिमुद्रित केली, एकट्याने. अंगठा खालच्या तारांवर ठेका धरतो, बोटं वरच्या तारांवर गाण्याला उत्तर देतात. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्‌सने ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा, सोबतचा दुसरा गिटारवाला कोण, असं विचारलं होतं. हा किस्सा त्यानेच सांगितलेला आहे. मोठ्या स्विंग बँडमध्ये गोष्ट वेगळी होती. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गजरात साध्या गिटारचा एकेक सूर ऐकूच जायचा नाही, म्हणून गिटारवाल्याच्या वाट्याला कॉर्डचे चार ठोके आले. चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनकडे विजेची गिटार घेऊन आला आणि एकेरी सुरांची ओळ लोकांना स्पष्ट ऐकू येऊ लागली. म्हणजे 'लीड गिटार' हे पद बव्हंशी अँप्लिफायरची देणगी आहे, साधनेची पुढची पायरी नव्हे. उलट बाजूचा पुरावाही बघा. फ्रेडी ग्रीन काउंट बेसीच्या बँडमध्ये जवळपास पन्नास वर्षं रिदम वाजवत राहिले, सोलो जवळजवळ नाहीच. पण त्यांच्या कॉर्डमधला कित्येकदा एखादाच सूर ठळक ऐकू येई आणि ते सूर एकापुढे एक ठेवले की चाल तयार होई. याला नुसता रिदम कसं म्हणणार?

मानेवर प्रत्यक्ष काय घडतं ते पाहिलं की उरलेली शंकाही फिटते. ए हा षड्ज धरा. चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटला जी, तिसऱ्या तारेवर सहाव्या फ्रेटला सी शार्प. कोमल निषाद आणि शुद्ध गंधार. ए-सेव्हन कॉर्डचा सगळा जीव या दोन सुरांत आहे. षड्ज मोकळी पाचवी तार सांभाळते. हीच बोटं एक फ्रेट मागे सरकवली की डी-सेव्हन, मूळ जागेपासून एक फ्रेट पुढे नेली की ई-सेव्हन. बारा बारच्या साध्या ब्लूजला लागणाऱ्या तिन्ही कॉर्ड झाल्या. आता ए-सेव्हनच्या जागी तर्जनी पाचव्या फ्रेटवर आडवी टेकवा. दुसऱ्या तारेवर पंचम, पहिल्या तारेवर वरचा षड्ज आयताच हाताखाली येतो. मधलं बोट उचललं की तिसऱ्या तारेवर कोमल गंधार, आपटलं की शुद्ध गंधार. अनामिका आणि करंगळी आठव्या फ्रेटकडे जायला मोकळीच आहेत. हात न हलवता कॉर्डही वाजली आणि चालही. इथे रिदम कुठे संपला आणि लीड कुठे सुरू झालं, हे दोन वर्षांवाल्यांनी दाखवावं.

त्यातला कोमल गंधार तर या वादाचा निकालच लावतो. ए-सेव्हनवर तो शुद्ध गंधाराशी भांडतो, आणि ते भांडण हाच ब्लूजचा स्वाद. पाचव्या बारमध्ये डी-सेव्हन आली की तोच सूर त्या कॉर्डचा कोमल निषाद होतो आणि निवांत बसतो. कॉर्डचं भान नसलेल्या वादकाला दोन्ही ठिकाणी तो सारखाच वाटतो. जॅझ-ब्लूजमध्ये आठव्या बारला एफ शार्प-सेव्हन, नवव्याला बी-मायनर-सेव्हन आणि दहाव्याला ई-सेव्हन येते. त्यातल्या पहिल्या कॉर्डचा ए शार्प, म्हणजे आपला कोमल ऋषभ, पेंटॅटॉनिकच्या पाच सुरांत मुळी नाहीच. तो सापडतो कॉर्डच्या आकारात, म्हणजे ज्याला रिदम म्हणून बाजूला ठेवलं त्यातच.

यावर आक्षेप येतो की नवख्याला दोन्ही एकदम झेपणार नाही. खरं आहे, एकदम झेपत नाहीच. पण एकदम वाजवा असं म्हणतंय कोण? ब्लूजच्या गाण्यात चार बारच्या ओळीत साधारण दोन बार गायकाचे असतात, उरलेल्यात वाद्य उत्तर देतं. तुळजापूरच्या जिल्ह्यात हे नव्याने शिकवायची गरज नसावी. गोंधळात गोंधळी ओळ टाकतो आणि झीलकरी ती झेलतो, संबळावरही खर्ज आणि तार अशी दोन्ही अंगं एकाच माणसाच्या हातात असतात. तेव्हा दोन बार कॉर्ड आणि दोन बार तीन-चार सुरांचं उत्तर, हे पहिल्या महिन्यातही जमतं, फक्त लय संथ हवी. दुसरा आक्षेप बीटल्सचा : लेनन रिदम, हॅरिसन लीड. ती कामाची वाटणी होती, शिक्षणक्रम नव्हे. केनी बरेलचा १९६३ चा 'मिडनाइट ब्लू' ऐका. त्यात पियानो नाही, त्यामुळे सॅक्सोफोनला कॉर्डची साथही बरेलच देतो आणि सोलोही तोच घेतो.

बाकीच्या समजुतींवर फार शाई नको. नोटेशन वाचता आल्याशिवाय जॅझ येत नाही म्हणतात. वेस माँटगोमेरीला ते वाचता येत नव्हतं. बोटं लांब हवीत म्हणतात; जँगो रेनार्टने १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाल्यावर मुख्यतः उरलेल्या दोनांवर सोलो वाजवले. स्विंग म्हणजे नेमकं दोनास एक हे गणितही पुस्तकी आहे : फ्रीबर्ग आणि सुंडस्ट्रम यांनी जॅझ ड्रमरांचं वादन मोजून २००२ मध्ये दाखवलं, की संथ लयीत हे प्रमाण साडेतीनास एकपर्यंत जातं आणि जलद लयीत जवळपास समसमान होतं. आणि हे संगीत आपलं नव्हे म्हणणाऱ्यांसाठी : १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजत होता, गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रम्पेट सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त १९५१ मध्ये वाजला, आणि मुंबईत जन्मलेला गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा १९६९ मध्ये लंडनच्या जॅझवाल्यांसोबत 'हम दोनो' हा अल्बम करत होता.